सावली कुणाची?



आजचं वाचन : एकनाथी भागवत, अध्याय 7, कपोताची कथा. सोबतीला ज्ञानेश्वरीचा अध्याय 13.

चोवीस गुरूंच्या मालिकेत आज आपण आठव्या गुरूपाशी पोचलो. खरं तर हे चिंतन रविवारीच लिहायचं होतं. सकाळी अध्याय वाचून झाला होता, काय लिहायचं तेही मनात ठरलं होतं. पण त्याच दिवशी आम्ही लेकरांना घेऊन नरनाळ्याला गेलो आणि तिथे असं काही झालं की ठरवलेलं सगळं बाजूला ठेवावं लागलं. आज बुधवार. जे समजलं ते लिहिते.

जे नव्याने सोबत आले त्यांच्यासाठी थोडक्यात. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला एक तरुण अवधूत भेटतो. राजा विचारतो, तुझ्याजवळ काहीच नाही, तरी तू एवढा आनंदात कसा? अवधूत सांगतो, मी चोवीस गुरू केले. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य हे सात गुरू आपण पाहिले. या स्कंधावर नाथ महाराजांनी मराठीत टीका लिहिली, ती 1573 साली काशीत पूर्ण झाली. तीच आपण रोज थोडी थोडी वाचतोय.

आठवा गुरू कपोत, म्हणजे कबूतर. रानातल्या एका झाडावर त्याचं घरटं. बायकोवर अतोनात जीव. मग पिल्लं झाली. त्यांचे मऊ पंख, त्यांचा चिवचिवाट यातच दोघं हरवून गेले. एक दिवस दोघं चारा आणायला गेले आणि इकडे पारध्याने जाळं टाकून पिल्लं धरली. आई परत आली, पिल्लांना जाळ्यात पाहिलं आणि आक्रोश करत तीही जाळ्यात शिरली. बाप आला. जाळं त्याला स्वच्छ दिसत होतं. आता जगून काय करायचं, असं म्हणत त्यानेही स्वतःला जाळ्यात टाकून दिलं. पारध्याला आयतं सगळं कुटुंब मिळालं, तो खुशीत घरी गेला. अवधूत म्हणतो, यातून मी शिकलो की कशातही अतिस्नेह करू नये.

मला ही गोष्ट कधीच आवडली नाही. लग्नाआधी वाचली तेव्हा नुसती पुढे गेले. आई झाल्यावर वाचली तेव्हा चक्क राग आला. त्या कबुतरीने काय करायला हवं होतं? फांदीवर बसून नामस्मरण करायचं होतं का? संन्याशांना सांगायला काय जातं, ज्याचं पोर जाळ्यात आहे त्याला विचारा! रविवारी सकाळी मी हेच लिहिणार होते, की ही गोष्ट संन्याशांसाठी आहे, आपण प्रपंचातल्या लोकांनी ती फार मनावर घेऊ नये.

आणि मग आम्ही निघालो.

नरनाळा का? तर त्यामागे एक निंबाचं झाड आहे. आम्ही जठारपेठेत राहतो. आमच्या गल्लीत सावली देणारं मोठं झाड एकच, हा निंब. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या सावलीत गाडी कुणी लावायची यावरून गल्लीत दर उन्हाळ्यात कुरबुर होते. आमचाही त्यात वाटा आहे, खोटं कशाला बोलू. एकदा धाकट्याला चित्र काढायला सांगितलं, तर त्याने झाड काढलं आणि झाडाखाली स्कूटर काढली. मी म्हटलं, झाडावर पक्षी काढ ना. तो म्हणाला, "पक्षी कशाला? झाड गाडीसाठी असते." चार वर्षांचं पोर. त्याच दिवशी ठरवलं, यांना एकदा खरं रान दाखवायचं.

नरनाळा आपल्याच जिल्ह्यात, अकोट तालुक्यात, सातपुड्यात. सकाळी साडेसहाला निघालो. नवरा, मी, सात वर्षांची मोठी, चार वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. गांधीग्रामला पूर्णेच्या पुलावर आल्यावर आईंनी हात जोडले. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी हजारो पोरं इथूनच पूर्णेचं पाणी कावडीत घेऊन अनवाणी पायांनी अकोल्याच्या राजराजेश्वराला जातात, सुमारे 18 किलोमीटर. मोठीने विचारलं, "एवढं पाणी एकटा माणूस नेते का?" आई म्हणाल्या, "नाही गं बाई, खांदा बदलत नेतात. एकाचा दुखला की दुसरा लागते." तेव्हा हे वाक्य कानावरून गेलं. ते परत येणार होतं.

पूर्णेच्या खोऱ्यातला हा सगळा खारपाणपट्टा. विहीर खणली तरी पाणी खारट. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तूर शेंगांवर आलेली. अकोटला नरसिंग महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं. गजानन विजय ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात आपले महाराज शेगावहून नरसिंग महाराजांना भेटायला येतात तो प्रसंग आहे. एक विरक्त, एक प्रपंचात राहणारा आणि भेट अगदी सख्ख्या भावांसारखी. महाराज त्यांना म्हणतात की तू प्रपंच सोडला नाहीस हे बरं केलंस. मला तेव्हा फार बरं वाटलं. बघा, महाराजांनीच सर्टिफिकेट दिलं, असं मनात आलं. माणूस आपल्या सोयीचं कसं पटकन ऐकतो!

शहानूरला वनविभागाच्या फाटकावर नोंद केली, एक गाईडदादा सोबत घेतले. नरनाळा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. 1973-74 मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यात आपला मेळघाट होता. दादांनी सुरुवातीलाच सांगितलं : ओरडायचं नाही, वानरांना खायला द्यायचं नाही, आणलेला कागदही परत न्यायचा. धाकट्याने विचारलं, वाघ दिसेल का. दादा म्हणाले, "तुले नाही दिसला तरी त्याले तू दिसशीन."

गडावर गाडी लावली. आईंचे गुडघे दुखतात, त्या गाडीजवळच सावलीला थांबल्या. आम्ही चौघं दादांसोबत वाटेला लागलो. सागाची मोठमोठी पानं पायाखाली कुरकुरत होती. लेकरं दर चार पावलांवर थांबायची. एक बी, एक पीस, एक वाकडा दगड. मला घाई होती महाकाली दरवाजा बघायची, त्यांना कसलीच घाई नव्हती. अवधूताच्या चोवीस गुरूंत लहान मूलही एक गुरू आहे बरं का, तो पुढे येईलच. मान नाही, अपमान नाही, घरची चिंता नाही, आपल्यातच रमलेलं. ते मला त्या वाटेवर दिसत होतं आणि तरी मी "चल ना लवकर" हेच म्हणत होते.

वाटेत वानरांची टोळी दिसली. एका मादीच्या पोटाला काळंभोर पिल्लू. दुसरी मादी आली, तिने ते अलगद घेतलं, जरा वेळाने तिसरीने घेतलं. मोठीला वाटलं चोरलं. दादा म्हणाले, "नाही वं माय, यायच्यात कोणाचं पिल्लू कोणीबी घेते. खऱ्या मायले तेवढाच खायले वेळ भेटते."

महाकाली दरवाजा 1486 साली फतेहउल्ला इमाद-उल-मुल्कने बांधला. हाच पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक. फिकट दगडातलं कोरीव काम, कमळाची फुलं, वर कोरलेली अक्षरं आणि आजूबाजूला पहारेकऱ्यांच्या खोल्या. सुट्टीचा दिवस, आणखी दोनतीन कुटुंबं होती. नवरा दादांकडून त्या लेखाची माहिती ऐकत होता. मी फोटो काढायला धाकट्याचा हात सोडला. फोटो काढला, नीट आला नाही, दुसरा काढला. खाली बघितलं तर तो नव्हता.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना सांगायची गरज नाही. एका बाजूला दरी, सगळीकडे रान, सकाळीच वाघाच्या गप्पा झालेल्या. मी ओरडले. ओरडायचं नाही ही सूचना कुठल्या कुठे गेली. मी आलेल्या वाटेने परत पळाले, नवरा दुसरीकडे. वाटेवर एक लहान मुलगी पडलेली होती, पाचसहा वर्षांची, गुडघा फुटलेला, रडत होती, जवळ कुणी मोठं माणूस नव्हतं. ती अगदी माझ्या पायात आली. मी तिला हाताने बाजूला केलं आणि पुढे पळाले.

दोनतीन मिनिटांत दादांची हाक आली. "ताई, इकडे या. पोट्टं इथंच बसलं आहे." पहारेकऱ्यांच्या एका खोलीत, कोपऱ्यात, धाकटा उकिडवा बसला होता. मुंग्या फुलपाखराचा पंख ओढत नेत होत्या आणि हा त्यांच्यासाठी वाटेतले खडे काढून देत होता. मला पाहून म्हणाला, "आई, हळू ये. त्यांच्यावर पाय पडेल."

मी त्याला उचललं, रडले, रागावले, परत रडले. मग मोठी कुठे आहे असं नवऱ्याने विचारलं. मला वाटलं होतं ती त्याच्यासोबत आहे, त्याला वाटलं होतं ती माझ्यासोबत. पण तेवढ्यात ती वाटेवरून चालत आलीच. आम्ही सुटकेचा श्वास टाकला, शक्कर तलावाकडे गेलो, आईंना तिथे आणलं. एका मोठ्या झाडाखाली सतरंजी टाकून भाकरी, ठेचा, दह्याची चटणी खाल्ली. खाली सगळीकडे खारं पाणी आणि वर गडावर पावसाचं पाणी साठवून केलेली ही तळी. नऊगजी तोफ पाहिली, घोडा घोडा करून तिच्यावर बसू नका असं लेकरांना दटावलं. मोठीचा रुमाल दिसेना म्हणून तिलाही रागावले. "कालच धुतलेला रुमाल, कुठे हरवला? एक वस्तू सांभाळता येत नाही." ती काही बोलली नाही.

परतताना अकोट मागे पडलं, धाकटा झोपला, तेव्हा मागच्या सीटवरून ती म्हणाली, "आई, रुमाल हरवला नाही. त्या मुलीच्या गुडघ्याला बांधला. तिचे बाबा येईपर्यंत मी तिथेच बसली होती." आणि थोड्या वेळाने, "ती रडत होती ना, मग तू थांबली का नाहीस?"

मी म्हटलं, "अगं, तुझा भाऊ हरवला होता." ती म्हणाली, "हो, पण तो सापडला ना. मग?"

या "मग?"वर मी तीन दिवस अडकले आहे.

पहिल्यांदा मी स्वतःची बाजू मांडून पाहिली. आपलं लेकरू हरवलेलं असताना दुसऱ्याच्या लेकराच्या खरचटण्याकडे कोण बघेल? बघूही नये. एकाचा जीव धोक्यात, दुसरीचा नुसता गुडघा. आणि ज्याचा भार ज्याच्यावर आहे त्याने तो आधी उचलावा हा तर साधा धर्म आहे. सगळेच सगळ्यांच्या लेकरांमागे धावले तर कुणाचंच लेकरू सापडणार नाही. हे सगळं मला आजही पटतं. त्या तीन मिनिटांत मी धावले यात माझी चूक नव्हती. तिला हाताने बाजूला केलं ते वाईटच होतं, पण तेही त्या भीतीत गेलं असं समजू.

पण मोठीने त्या तीन मिनिटांबद्दल विचारलंच नव्हतं. तिने त्यानंतरच्या वेळेबद्दल विचारलं होतं. धाकटा सापडला, माझ्या कडेवर आला, मी पाणी प्यायले, चेहरा धुतला. ती मुलगी तिथून फार तर पन्नास पावलांवर होती. मला परत जाता आलं असतं. बाळा, लागलं का, एवढं विचारता आलं असतं. मी गेले नाही. का? राग नव्हता, घाई नव्हती, कंटाळा नव्हता. ती मला आठवलीच नाही. माझं सापडलं आणि माझ्यापुरतं जग पूर्ण झालं.

हे लक्षात आलं आणि कपोत समोर उभा राहिला.

मग तो अध्याय परत काढला. मी इतकी वर्षं समजत होते की अवधूत त्या पक्ष्याच्या प्रेमाला नावं ठेवतो. आता वाटतं, तो त्याच्या प्रेमाच्या कुंपणाला नावं ठेवतो. एवढं मोठं रान, हजार झाडं, हजार घरटी. पण त्या जोडप्याचं सगळं जग एका घरट्यात मावत होतं. म्हणूनच घरटं गेलं तेव्हा बापाला जगायचं काही कारणच उरलं नाही. जाळं पारध्याने नंतर टाकलं. त्याच्या आधी एक जाळं त्यांनी स्वतःच विणलं होतं, "माझं"चं.

आणि गंमत बघा, की कसली गंमत म्हणा, या "माझं"ने माझंही नीट सांभाळलं नाही. एकामागे धावताना मी दुसरीला विसरले. माझी सात वर्षांची मुलगी त्या रानातल्या वाटेवर एकटी होती आणि ते मला माहीतही नव्हतं. ती सुखरूप राहिली, कारण ती एका परक्या मुलीजवळ बसली होती. थोड्या वेळाने त्या मुलीचे बाबा आले आणि आमची पोरगीही, त्यांना ठाऊक नसताना, त्यांच्या नजरेखाली आली. मी ज्यांच्या लेकराला बाजूला सारलं, ते माझ्या लेकराजवळ उभे होते.

मग तेरावा अध्याय उघडला. भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगतात, त्यात बायकापोरं, घरदार यांच्यात अडकून न राहणं हे एक लक्षण आहे. माउली त्यावर जे दृष्टान्त देतात ते पहिल्या वाचनात फार कोरडे वाटतात. घराबद्दल कसं वाटावं? वाटेने जाताना एखाद्या झाडाची सावली लागली, तिच्यावर आपण काही हक्क सांगत नाही, तसं. आणि लेकरांबद्दल? जणू कुणी वस्तीला आलेलं आहे, किंवा झाडाखाली गुरं येऊन बसली आहेत, तसं.

गुरं! पोटच्या लेकरांना? मीही इथेच अडखळायचे. पण या वेळी मी गुरांकडे न बघता झाडाकडे बघितलं. सगळी उपमा झाडाच्या बाजूने लावून पाहिली. झाडाखाली गुरं बसली म्हणून झाड सावली कमी करतं का? नाही. ते अंग तापवून घेतं आणि खाली गारवा देतं, पुरेपूर देतं. गुरं उठून गेली तर झाड त्यांच्यामागे धावत नाही, कोसळत नाही. आणि मुख्य म्हणजे, ही गाय कुणाची असं झाड कधी विचारत नाही. जी खाली आली तिची सावली. माउली कमी प्रेम करा म्हणत असतील असं मला आता वाटत नाही. ते मालकी सोडायला सांगतात. मालकी सुटली की तेच प्रेम पसरायला जागा मिळते. हा अर्थ माझ्या तोकड्या बुद्धीचा आहे, जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

तेव्हा गल्लीतला आमचा निंब आठवला. झाडाने कधी विचारलं नाही कुणाची गाडी. विचारतो आम्ही.

नाथ महाराजांचंच बघा. ते काही रानातले अवधूत नव्हते. पैठणला घर होतं, गिरिजाबाई होत्या, हरिपंडितांसारखा मुलगा होता. त्यांची गोदावरीच्या वाळवंटातली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. भर दुपारी तापलेल्या वाळूत एक लेकरू रडत होतं, तेव्हाच्या समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या घरातलं. नाथांनी त्याला कडेवर उचललं आणि त्याच्या घरी नेऊन पोचवलं. आजूबाजूचे काय म्हणतील याचा विचार केला नाही. कपोताच्या कथेवर टीका लिहिणारा माणूस हा असा. स्वतःच्या लेकरावर प्रेम करणारा आणि वाळूत भाजणाऱ्या दुसऱ्याच्या लेकराजवळ थांबणारा. अतिस्नेह करू नये याचा अर्थ नाथांनी जगून दाखवला आहे, मी उगाच संन्याशांवर ढकलत होते.

आणि आता अकोटची ती भेटही वेगळी ऐकू येते. प्रपंच सोडला नाहीस हे बरं केलंस, हे सर्टिफिकेट नव्हतं, ती जबाबदारी होती. प्रपंचात राहून घरट्याबाहेर बघत राहणं, हे रानात जाऊन बसण्यापेक्षा सोपं नाही.

कुणी म्हणेल, निसर्गच तसा आहे, जो तो आपल्या पिल्लाचं बघतो. मी त्या वानरांबद्दल थोडं वाचलं. दादा म्हणाले ते खरं आहे, त्यांच्यात माद्या एकमेकींची पिल्लं सांभाळतात, अगदी जन्मल्यापासून. पण त्याच वानरांत बाहेरून आलेला नर टोळीचा ताबा घेतो तेव्हा आधीची पिल्लं मारतो, हेही अभ्यासकांनी नोंदवलं आहे. म्हणजे रान दोन्ही दाखवतं. रान आपल्या वतीने ठरवून देत नाही. म्हणून तर अवधूत काही गुरूंकडून काय करावं ते शिकला आणि काहींकडून काय करू नये ते. आपण लेकरांना रानात नेतो, झाडं-पक्षी दाखवतो, फोटो काढतो. पण तिथे ते झाडांपेक्षा जास्त आपल्याला बघत असतात. मी कुणासाठी थांबते, कुणाला ओलांडून जाते, हे त्या दिवशी माझ्या मुलीने पाहिलं. माझं नशीब, की ती माझ्याकडून शिकली नाही.

अजून एक गोष्ट सुटलेली नाही. त्या मुलीचं नाव मला माहीत नाही, गाव माहीत नाही. सॉरी म्हणायला कुठे जाऊ? मनात देवाची क्षमा मागितली, पण ती मागताना जाणवलं की हे जरा स्वस्तात होतंय. गुडघा तिचा फुटला आणि क्षमा मी देवाकडून घेऊन मोकळी. आईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते पोरगी आता नाही सापडत. पण रस्त्यात दुसरं कोणी पडलेलं दिसलं की थांबत जा. खांदा बदलत न्यायचं असते, बाई." कावडीचं ते वाक्य असं परत आलं.

सोमवारी संध्याकाळी शाळेच्या रिक्षातून लेकरं उतरत होती. एरवी मी आपली दोन घेते आणि जिना चढते. त्या दिवशी थांबले. शेजारच्यांचा पोरगा दप्तर ओढत, एकटाच, बंद दाराशी उभा होता. त्याची आई ऑफिसातून यायला अर्धा तास होता आणि तो रोज असाच उभा राहतो हे मला तेव्हा कळलं. तो आमच्याकडे आला, मुरमुरे खाल्ले, धाकट्याशी भांडला. एवढंच. याने नरनाळ्यावरचं काही भरून निघत नाही. पण मोठी माझ्याकडे बघत होती.

रुमालाबद्दल रागावले होते त्याची तिची माफी मागितली. ती म्हणाली, "चालते. नवीन दे."

आजचा संकल्प : आपल्या घरच्यांचं सगळं नीट झालं, आपला माणूस सुखरूप पोचला, आपला रिपोर्ट चांगला आला, आपल्या लेकराला मार्क मिळाले, की तिथेच एक मिनिट थांबायचं आणि मागे वळून बघायचं. घाईत आपण कुणाला ओलांडून आलो? जमलं तर पन्नास पावलं परत जायचं.

उद्या नववा गुरू, अजगर.

जय गजानन. राम कृष्ण हरी.